पिवळ्या पट्ट्याचे डबे

१

सोनकच्छला एका शिंप्याच्या घरी चिमणी फुटली, तेव्हा लोक म्हणाले, काच तडकली असेल. शिंप्याचा उजवा हात गेला. मग हाटपिपल्याला देवळामागच्या आळीत कंदील फुटून एक म्हातारा अंथरुणातच जळून मेला. आणि पुन्हा सोनकच्छच्याच बाजूला एका घरातल्या मायलेकी दोघी गेल्या, तेव्हा मात्र कुणी काचेचं नाव काढलं नाही. तिन्ही घरांत रॉकेलचा डबा होता तो एकाच माणसाचा. डब्याच्या तोंडावरून आडवा ओढलेला पिवळा पट्टा, ही देवासच्या उमाशंकर दिघ्यांची खूण. सगळा मुलूख ओळखायचा ती.

लोक दिघ्यांच्या दुकानावर चालून गेले. शिपाई वेळेवर पोचले म्हणून दिघे जिवंत तुरुंगात गेले, नाहीतर उंबऱ्यातच संपले असते.

देवास गाव एक, पण राज्यं दोन. मधल्या रस्त्याच्या एका हाताला थोरली पाती, दुसऱ्या हाताला धाकटी. आरोपी एका पातीचा, फिर्याद गेली दुसऱ्या पातीकडे, आणि एका दरबाराचा दुसऱ्याच्या कोतवालावर काडीचा विश्वास नाही. शेवटी धारचं राजघराणं दोघांच्याही भाऊबंदांतलं म्हणून तिथला फौजदार मागवून घेतला. त्यांचं नाव दत्ताजी बांदल. पन्नाशीचे, बोलायला कमी, आणि एकदा मनाने घेतलं की सोडायचं नाही असा माणूस. दोन्ही दिवाणांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एका सुरात त्यांना बजावलं, "आठवड्यात काय तो उलगडा करा. नाहीतर दिघ्याला जन्मठेप देऊन आम्ही मोकळे होतो."

चावडीच्या पायरीवर दिघ्यांची बायको वासंती बसून होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. दत्ताजी आले तशी ती उठली नाही, रडलीही नाही.

"फौजदारसाहेब, ह्यांना शिक्षा द्यायची तर द्या," ती म्हणाली. "पण ज्यानं ते डबे भरलेत तो अजून भरतोय. आज दिवेलागणीला कुणाचं घर जळेल, सांगा मला."

दत्ताजींनी मान वर करून पाहिलं. सूर्य टेकडीकडे उतरत चालला होता.

२

दत्ताजींनी जळलेल्या घरांतलं उरलंसुरलं तेल मागवून बशीत ओतलं आणि पेटती काडी वर धरली. चांगलं रॉकेल असं लगेच पेटत नाही. हे काडी टेकायच्या आधीच भपकन उठलं. दत्ताजींच्या भुवया होरपळल्या. वास त्यांनी ओळखला. धारला दरबारची मोटार आली तेव्हा गाव आठवडाभर तिच्याभोवती हुंगत फिरलं होतं, तोच हा वास. रॉकेलमध्ये कुणीतरी पेट्रोल मिसळलं होतं.

तुरुंगात दिघे भिंतीला टेकून बसले होते. मारहाणीने एक डोळा बंद झाला होता.

"माझं तेल उज्जैनहून येतं, पिंपांतून," ते म्हणाले. "जुने डबे धुऊन मीच भरतो, तोंडाला शिशाचा डाक मीच लावतो, पट्टा मीच ओढतो. पेट्रोल मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, साहेब. दरबारच्या मोटारीसाठी ते मागवतात कृष्णराव."

"तुमच्यावर दात कुणाचा?"

दिघे कसनुसे हसले. "कुणाचा नाही ते विचारा. मी स्वस्त विकतो ना!"

देवासात रॉकेलचे मोठे एजंट दोन. थोरल्या पातीच्या बाजूला कृष्णराव मुजुमदार, सांबरछाप कंपनीचे. त्यांचे वडील दरबारात अधिकारी होते आणि तो तोरा कृष्णरावांच्या पगडीत अजून होता. रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, धाकट्या पातीत छोगालाल, गलबतछाप कंपनीचा. दोन्ही कंपन्या विलायती, आणि एकमेकींच्या उरावर बसलेल्या. दोघे एजंट सकाळी दुकान उघडलं की आधी एकमेकांना शिव्या मोजायचे, मग बोहनी करायचे. गावाला त्याची सवय झाली होती. पोरंसोरं ऐकायला उभी राहायची.

कृष्णरावांनी दत्ताजींना पाट मांडला, केशराचं दूध दिलं.

"पेट्रोल माझ्याकडे येतं, कबूल," ते म्हणाले. "पण गोदामाला कुलूप घालायची वेळ कालपर्यंत आली नव्हती. दिघ्यानं चोरलं असेल. स्वस्तात द्यायचं तर काहीतरी घालावंच लागणार! आणि मला सांगा, माझा माल सोनकच्छला जातच नाही. तिथली घरं मी कशी जाळणार? तिकडं तो समोरचा मारवाडी बसलाय ना, गिधाडासारखा."

समोरच्या मारवाड्याने तेच उलट सांगितलं. "साब, म्हारो माल हाटपिपल्याकडे जात नाही. मी केलं असतं तर यो मुजुमदार अब तक छतावर चढून ओरडला असता. आणि त्यानं केलं असतं तर मी काय चूप बसलो असतो? पूछो किसी से भी!"

बोलणं बिनतोड होतं. एकट्या कृष्णरावाचे हात सोनकच्छला पोचत नव्हते, एकट्या छोगालालचे हाटपिपल्याला. दोन्हीकडे माल जाणारा माणूस एकच, आणि तो तुरुंगात होता.

दत्ताजींनी दिघ्यांच्या दुकानातला एकूण एक डबा कडेला भोक पाडून तपासला. बशीमागून बशी, काडीमागून काडी. एकही बशी पेटली नाही. सगळं तेल स्वच्छ. म्हणजे नासलेला एखादा घाणा होता आणि तो विकून संपला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. इकडे गावोगाव माणसं अंधारात बसली होती. अंधारात विंचू चावत होते, बाळंतपणं होत होती. दत्ताजींनी दवंडी पिटवली, 'पिवळ्या पट्ट्याचं उरलेलं तेल तपासलं आहे. भिऊ नका. दिवे लावा.'

दुसऱ्या दिवशी मध्यरात्री हाटपिपल्याहून घोडेस्वार आला. घोड्याच्या तोंडाला फेस होता.

३

सुमंगला नाव तिचं. ओली बाळंतीण. दिवा पाळण्यापासून लांब ठेवून मग तिने काडी ओढली होती, म्हणून तान्हं वाचलं. ती वाचली नाही.

दत्ताजी पोचले तेव्हा ओटीवर तिची सासू बसली होती. सारी आळी तिला अक्का म्हणायची. तिने दत्ताजींच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुम्हीच का ते?" तिने विचारलं. "दवंडीवाले?"

"होय."

"काल बापूची गाडी आली होती. डबा घेऊन मी तसाच ठेवला होता, उघडणार नव्हते. मग तुमची दवंडी आली. सरकार खोटं कसं बोलेल, असं मीच तिला म्हटलं."

दत्ताजी अंगणातच खाली बसले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, एकदा स्वतःच्या मांडीत सुरी घेतली. पण कुणाच्या घरात त्यांच्या शब्दाने मरण आलं नव्हतं. आत तान्हं रडत होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. शेजारची बाई त्याला बोळ्याने दूध पाजत होती, आणि ते पीत नव्हतं.

"तो डबा द्या," ते कसेबसे म्हणाले.

डबा मांडीवर घेऊन ते उजेडात बसले. करायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पट्टा तोच, रंग तोच. तोंडावरून त्यांनी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं आणि एकाएकी ते थांबले. घोडेस्वाराला देवासला पाठवून त्यांनी दिघ्यांच्या दुकानातला एक डबा मागवला. तो येईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

दोन डबे शेजारी ठेवले. दुकानातल्या डब्यावर आधी डाक होता, त्याच्यावरून पिवळा रंग ओढलेला. दिघे म्हणाले होते तसंच. सुमंगलेच्या डब्यावर मात्र रंग खाली आणि डाक त्याच्यावर. पिवळ्या पट्ट्याच्या मधोमध चकचकीत शिशाचा ओघळ.

हा डबा दिघ्यांच्या दुकानातून एकदा भरून गेला होता, रिकामा झाला होता, आणि मग दुसऱ्याच कुणीतरी तो पुन्हा भरून बंद केला होता.

"अक्का, रिकामे डबे तुम्ही काय करता?"

"विकतो. छोगालालची माणसं घेऊन जातात. तो कापून त्यांचे पत्रे करतो, छपराला, अन् इथंच विकतो."

छोगालाल! पण छोगालालकडे पेट्रोल नव्हतं. आणि हाटपिपल्यात त्याचा माल येत नव्हता. ज्याच्याकडे पेट्रोल होतं तो त्याचा जन्माचा वैरी. दत्ताजींनी कपाळ धरलं. हाताशी आलेलं सूत पुन्हा त्याच गाठीशी येऊन अडकलं होतं.

आता एकच माणूस उरला होता. डबा विकणारा बापू.

४

बापू गाडीवाला सोनकच्छ ते हाटपिपल्या सगळी खेडी फिरायचा. ज्याचं तेल मिळेल त्याचं विकायचा. तो गाडीखाली लपला होता, तिथून शिपायांनी त्याला ओढून काढलं.

"डबे कुणी दिले?"

"दिघ्यांनी, भिया."

"दिघे तुरुंगात आहेत."

बापूचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. दत्ताजींनी दरडावलं, समजावलं, सुमंगलेचं नाव घेतलं. बापूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द फुटत नव्हता.

"अरे, कुणाला भितोस तू? एकाचं नाव सांगितलंस तर दुसरा तुला माल देईल की!"

बापू हुंदका आवरत म्हणाला, "नहीं देगा, भिया. तेच तर. एकाचं नाव घेतलं की दोन्ही दारं बंद. मग माझी बैलं काय खातील, अन् मी?"

दत्ताजी त्याच्याकडे बघत राहिले. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोघांची दारं एकदम कशी बंद होतील?

ते बाहेर येऊन उभे राहिले. समोर हाटपिपल्यातल्या गरिबांची वस्ती पसरली होती. छपरं सगळी रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्यांची. जुने, गंजलेले पत्रे होते त्यांच्यावर सांबर होतं आणि गलबतही होतं, सरमिसळ. पण नवे, अजून चकाकणारे पत्रे? दत्ताजी घरामागून घर बघत गेले. सांबर. सांबर. सांबर. दारात पाण्याला ठेवलेल्या नव्या डब्यांवरही सांबरच. एकही गलबत नाही.

त्यांनी घोडा काढला आणि तडक सोनकच्छ गाठलं. तिथेही जुन्या पत्र्यांवर दोन्ही छाप. नव्यांवर मात्र फक्त गलबत.

दुकानदाराला त्यांनी सहज विचारलं, "पूर्वी सांबर मिळायचं ना इथं?"

"मिळायचं की. दोघांची चढाओढ होती तेव्हा भावही उतरला होता. मग दोघांनी एकाच दिवशी भाव चढवला आणि सांबर यायचं बंद झालं. मागितलं तर कृष्णराव म्हणाले, परवडत नाही. दिघ्यांचं ठेवलं, तर छोगालालचा माणूस येऊन सांगून गेला, त्याचं ठेवशील तर आमचं मिळणार नाही."

दत्ताजींना सगळा डाव लख्ख दिसला. दोघे कधीच वैरी राहिले नव्हते. मुलूख वाटून घेतला होता, भाव एक केला होता, आणि रस्त्यावर रोज सकाळी तमाशा चालू ठेवला होता. एकाने पेट्रोल द्यायचं, दुसऱ्याने पिवळ्या पट्ट्याचे रिकामे डबे द्यायचे. मग ज्याने त्याने बापूच्या गाडीवरून आपापल्या मुलखात खपवायचे. 'ह्यानं केलं असतं तर त्यानं बोंब मारली असती,' ही त्यांची सर्वांत भक्कम भिंत होती, आणि गावाने ती रोज फुकट ऐकली होती.

पण पुरावा? गंजलेले पत्रे दाखवून दिवाण ऐकणार नव्हते. बापू बोलणार नव्हता. आणि मुदतीतला एकच दिवस हाती होता.

५

शेवटच्या दिवशी दुपार कलल्यावर दत्ताजींनी दोन पातींच्या बरोब्बर मधल्या रस्त्यावर एक मेज मांडलं. एका बाजूला थोरल्या पातीचा कोतवाल, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचा. मेजावर पिवळ्या पट्ट्याचे दोन डबे आणि प्रत्येकापुढे एक चिमणी. कृष्णराव आणि छोगालाल यांना त्यांनी मानाने बोलावून मेजाशी आपल्या दोन बाजूंना बसवलं. सारं गाव गोळा झालं. वासंती घोळक्यात सर्वांत पुढे होती.

"दोन्ही डबे दिघ्यांच्या खुणेचे," दत्ताजी मोठ्याने म्हणाले. "दिघ्याचं तेल म्हणजे मरण, असं हे दोघे सांगतात. मी आता दिवे लावून बघतो. ज्याला जीव प्यारा असेल त्याने लांब व्हावं."

पहिल्या डब्याशेजारची चिमणी त्यांनी पुढे ओढली आणि काडी ओढली. बायका किंचाळल्या. गर्दी धडपडत मागे सरली, दोघे कोतवालसुद्धा. मेजाशी बसून राहिले ते फक्त कृष्णराव आणि छोगालाल. छोगालाल तर पान चघळत होता.

दिवा लागला. काही झालं नाही.

दत्ताजींनी दुसरी चिमणी ओढली आणि तिचा डबा सहज वळवून तोंड दोघांच्या समोर केलं. पट्ट्यावरचा शिशाचा ओघळ उन्हात चमकला. त्यांनी काडी ओढली मात्र, आणि छोगालाल खुर्चीसकट मागे उलटला. "नहीं साब! वो मत जलाओ!" तो रांगत रस्त्याच्या कडेला गेला. कृष्णराव उठून उभे राहिले होते. पगडी मेजावर पडली होती आणि ती उचलायचं भान त्यांना नव्हतं.

दत्ताजींनी दिवा लावला. तो शांतपणे जळू लागला.

"दोन्ही दिव्यांत तेल एकच आहे," ते म्हणाले. "दिघ्यांच्या दुकानातलं. गाव पहिल्या दिव्याला भ्यालं, कारण गावाला दिघ्याचं सगळंच तेल विषारी वाटतं. तुम्ही भ्याला नाहीत. पिवळ्या पट्ट्याचा कुठला डबा जाळतो आणि कुठला नाही, हे तुम्हा दोघांना कसं कळलं?"

छोगालाल रडत ओरडला, "पेट्रोल इसने दिया, साब! म्हारे तो खाली डब्बे थे!"

"डबे तुझे! डाक तुझ्या माणसानं लावला!" कृष्णराव त्याच्या अंगावर धावले. इतकी वर्षं खोटं भांडत आलेले ते दोघे पहिल्यांदाच खरं भांडत होते, आणि दोघांचं बोलणं दोन पातींचे दोन कारकून लिहून घेत होते.

६

रात्रीच्या आत दोघांच्या गोदामांतून तसले आणखी डबे निघाले. बापूने, आता भ्यायला कुणी उरलं नाही असं वाटून, उरलेले कुठे विकले ती घरं दाखवली. शिपायांनी ते नदीकाठी नेऊन ओतले. दिघे सुटले.

कोठडीत कृष्णराव दत्ताजींना म्हणाले, "माणसं मरावीत असं आमच्या मनात नव्हतं. दिवे भडकतील, लोक घाबरतील, एवढंच धरलं होतं."

"आणि पहिला माणूस मेल्यावर?"

कृष्णराव दुसरंच सांगू लागले, "वर दोन्ही कंपन्यांचं कधीच ठरलंय. कुठला गाव कुणाचा, भाव काय, सगळं. आमचे साहेब आले होते. डबे नासवा असं ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, पुढच्या हंगामाला हा दिघे बाजारात दिसता कामा नये, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देऊ."

साहेब इंदूरला होते. ते गोरे, त्यांच्यावर संस्थानचा कायदा चालत नव्हता. आणि चालला असता तरी धरणार कशाला? त्यांनी गुन्हा ठरेल असा एक शब्दही उच्चारला नव्हता.

दत्ताजी धारला परतले. निघताना दिघ्यांनी हात जोडून एकच मागितलं होतं. उज्जैनच्या व्यापाऱ्याने तेल द्यायचं बंद केलं होतं. 'वरून मनाई आहे' एवढाच त्याचा निरोप. धारला कुणी देईल का? दत्ताजी स्वतः बाजारात फिरले. ओळखीचे दुकानदार, सगळ्यांचा भाव पैशापर्यंत सारखा, आणि दिघ्यांचं नाव काढलं की सगळ्यांच्या तोंडाला सारखंच कुलूप. एकजण तेवढा हळूच म्हणाला, "साहेब, आम्हालाही पोरंबाळं आहेत."

हा निरोप चिठ्ठीने पाठवायला त्यांचं मन धजेना. ते पुन्हा देवासला गेले.

दिघ्यांच्या दुकानासमोर शिडी लावली होती. रंगारी पाटीवर सांबराची शिंगं रंगवत होता. दिघे गल्ल्याशी बसले होते. मार खाल्लेला डोळा अजून पुरता उघडत नव्हता.

"कृष्णरावांची जागा रिकामी झाली ना," ते वर न बघता म्हणाले. "साहेबांनी माणूस पाठवला. गावं त्यांनी ठरवायची, भाव त्यांनी ठरवायचा. मी विकायचं."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

आतून वासंती आली.

"मी म्हणाले, हो म्हणा," ती म्हणाली. "तुम्ही एवढं मोठं कोडं सोडवलंत, फौजदारसाहेब, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. मग आता हेही सांगा. उद्या सकाळी आम्ही दुसरं काय विकायचं?"

दत्ताजी तसेच उभे राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना वाटत होतं की काहीतरी सुचावं.

तेवढ्यात पदराखाली बाटली धरून एक मजुरीण दुकानाशी आली. दिघ्यांनी माप उचललं आणि भाव सांगितला.

"एवढा?" ती दचकून म्हणाली. "भाऊ, तुमच्याकडे तर स्वस्त असायचं."

"कंपनीचा भाव आहे, बाई," दिघे म्हणाले.

ती थोडी घुटमळली. कनवटीचे पैसे तिने काढून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि अर्धंच माप घेऊन ती निघून गेली.